आधी तो नॉइज काढ

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी एका सोमवारी सरांनी माझा आलेख आधी लांब धरून पाहिला, मग चष्मा कपाळावर चढवून जवळ धरून पाहिला आणि टेबलावर पालथा घातला.

"हे काय आहे? कोणाचा कार्डिओग्राम?"

"सर, करंट आहे. एका सॅम्पलमधला, वीस मिनिटांचा."

"करंट असा उड्या मारतो का? आधी तो नॉइज काढ. फिर बात करेंगे."

सर मराठीच, पण जन्म इंदूरचा, नोकरी इंदूरची, त्यामुळे रागावले की वाक्याच्या मधेच हिंदीत उतरत. आम्ही सगळेच तसे. मात्र सर हिंदीत गेले की त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. मी आलेख उचलला आणि बाहेर आले. पुढचं दीड वर्ष त्या एका वाक्यात गेलं.

माझं काम चांदीच्या तारांवर होतं. दागिन्यातली तार नव्हे. केसाच्या हजाराव्या भागाइतकी बारीक. अशा असंख्य तारा असलेल्या द्रावाचे चार थेंब काचेच्या पट्टीवर टाकून वाळवले की ताटात सांडलेल्या शेवयांसारखा गुंता तयार होतो. तारांवर पातळ लेप असतो, म्हणून जिथे दोन तारा एकमेकींवर पडतात तिथे त्या खऱ्या अर्थाने टेकत नाहीत. पण विजेचे छोटे छोटे झटके दिले की चांदीचे काही अणू सरकतात आणि मधल्या फटीत पूल बांधतात. तोच रस्ता पुन्हा पुन्हा वापरला तर पूल जाड होतो. सोडून दिला तर झिजतो. मेंदूतल्या पेशींचे सांधेही वापराने असेच पक्के होतात. म्हणून जगभर लोक अशा गुंत्यांना काही शिकवता येईल का ते पाहत आहेत. वेगळा प्रोग्रॅम नाही, वेगळी मेमरी नाही. त्या पदार्थानेच लक्षात ठेवायचं.

हे सगळं मी नातेवाइकांच्या प्रत्येक लग्नात सांगितलं आहे. पलासियाला राहणारी मावशी दर वेळी शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हणजे कम्प्युटरच ना गं?" हो मावशी, कम्प्युटरच.

तर नॉइज. नॉइज म्हणजे ऐकू येणारा आवाज नाही, मोजणीत मिसळलेली खडखड. मी मोजत होते तो करंट इतका लहान होता की आजूबाजूचं काहीही त्यात घुसायचं. पहिला संशय ट्यूबलाइटवर गेला. त्या काढल्या आणि मी दिवसाउजेडी खिडकी उघडून काम करू लागले, तेव्हा रस्त्यावरच्या हॉर्नचा वैताग सुरू झाला. मग संशय मोबाइलवर. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन मी दारातच काढून घेऊ लागले, त्यामुळे लोकांनी खोलीत येणंच सोडलं. मग शेजारच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅक्यूम पंपावर. तो सुरू झाला की भिंत थरथरायची. तिथल्या मॅडमकडे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला.

"मॅडम, तुमच्या पंपामुळे माझं एक वर्ष वाया गेलंय."

त्या शांतपणे म्हणाल्या, "पंप गेल्या आठवड्यापासून बंद आहे. बेल्ट तुटलाय. तुला आज त्रास झाला का?"

झाला होता. मी तशीच परत आले. माफी मागायला मला चार दिवस लागले. त्यांनी चहा पाजला, तेव्हा तर आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

स्क्रीनवर उड्यांखाली एक बारीक, एकसारखी लहर होती, सेकंदाला पन्नास वेळा. ती तर उघडच भिंतीतल्या विजेची होती. म्हणजे अर्थिंग बरोबर नव्हतं. मी संस्थेच्या इलेक्ट्रिकल विभागात अर्ज दिला. तिथले सुपरवायझर खुर्चीतून न उठता म्हणाले, "अर्थिंग एकदम ओके है मॅडम. रजिस्टर में चेक किया हुआ है."

"रजिस्टर में है, पर दीवार में नहीं है."

"ऐसा थोड़ी होता है."

घरी जेवताना मी हे सगळं रागारागाने सांगितलं. बाबा कापडगिरणीच्या इलेक्ट्रिकल खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर आयुष्यभर मोटारींचं वाइंडिंग केलं. कमी बोलतात. मी महिनोन्महिने नॉइजबद्दल बोलत होते तेव्हा त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नव्हतं. पण अर्थिंग हा शब्द ऐकला आणि घास थांबवून म्हणाले, "बल्ब लावून बघितलास?"

"कसला बल्ब, बाबा? आमच्याकडे इतकी महागडी उपकरणं आहेत."

"असू देत. बल्ब लावून बघितलास का?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. भंवरकुआंला सिटी बस बदलली, गेटवर नाव लिहिलं, आणि पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला जुना बल्ब काढला, त्याला दोन वायरी. एक टोक फेजमध्ये, दुसरं न्यूट्रलमध्ये. बल्ब लख्ख लागला. मग दुसरं टोक अर्थमध्ये घातलं. बल्ब देवघरातल्या समईइतकाच मिणमिणला.

"तुझ्या भिंतीत अर्थ नाहीये," बाबा म्हणाले. "नुसतं भोक आहे."

मग ते सुपरवायझरकडे गेले. मी सोबत जाऊ का म्हणून विचारलं तर नको म्हणाले. काय बोलणं झालं माहीत नाही, पण पाच मिनिटांत दोघे इमारतीमागे फिरताना दिसले. मी खाली गेले तेव्हा बाबा अर्थिंगची पट्टी पुरलेला खड्डा शोधत विचारत होते, "गड्ढा कहाँ है, भिया?"

"गड्ढा तो यहीं था, काका. मतलब, होना चाहिए."

गड्ढा पार्किंगच्या नव्या फरशीखाली होता. फरशी घालणाऱ्यांनी सपाट जमीन पाहिली आणि घातली. त्यानंतर रजिस्टरमध्ये दर वर्षी टिकमार्क होतच राहिला. मी संतापले. बाबांना मात्र राग आला नाही. ते म्हणाले, "गिरणीत पण असंच व्हायचं. खड्ड्यात पाणी घालायचं काम ज्याचं, त्यालाच लोक विसरतात."

फरशी उकरायला तीन अर्ज आणि दोन महिने लागले. खाली अर्थिंगच्या पट्टीचे गंजून दोन तुकडे झाले होते. नवी पट्टी, कोळसा, मीठ, पाणी. बाबा त्या दिवशी पुन्हा आले आणि खड्डा भरेपर्यंत उन्हात उभे राहिले. वर येऊन मी मशीन सुरू केलं. पन्नासची लहर गेली होती. पार गेली होती.

उड्या तशाच होत्या. उलट खालची लहर गेल्यामुळे आता त्या जास्तच ठसठशीत दिसत होत्या.

मी बाबांना काही सांगितलं नाही. ते बसस्टॉपवर इतके खूश होते की माझी हिंमत झाली नाही.

रंगपंचमीला आमचं शहर राजवाड्याकडे लोटतं. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, मिसाइलसारख्या पिचकाऱ्या आकाशात रंग सोडतात, कचेऱ्या बंद असतात. मला गर्दीत जायची हौस कधीच नव्हती. त्या वर्षी मला एकच हवं होतं: रिकामी इमारत. सकाळी आठला मी वॉचमनकडून किल्ली घेतली. तो म्हणाला, "आज तो छुट्टी मना लो, दीदी." मी त्याला माझ्या पूर्ण मजल्याचा मेन स्विच बंद करायला लावला.

लिफ्ट बंद, पंखे बंद, पंप बंद. लॅपटॉप बॅटरीवर, अँप्लिफायर बॅटरीवर, फोन खाली वॉचमनच्या टेबलावर. सॅम्पल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, म्हणजे बाहेरचं काही आत जायला नको. वसंतातलं ऊन होतं, घाम येत होता, पण पंखा लावायची सोय नव्हती. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

रेघ सरळ चालली. मी श्वास रोखून बसले. मग रेघ टुणकन वर गेली, थोडा वेळ तिथेच चालली, आणि पुन्हा खाली आली. परत वर. परत खाली. पायरी चढावी आणि उतरावी तशी.

मी टेबलावर हात आपटला. त्याने रेघेत एक नवी उडी आली, ती मात्र नक्की माझी होती.

मग काय सुचलं कोण जाणे, म्हणजे हे मला दीड वर्षापूर्वीच सुचायला हवं होतं. मी डब्यातून सॅम्पल काढलं आणि त्या जागी तेवढ्याच रोधाचा साधा रेझिस्टर जोडला, कुठल्याही रेडिओच्या दुकानात मिळतो तो. तीच वायर, तोच डबा, तीच बॅटरी. रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट. दहा मिनिटं, वीस मिनिटं, सपाट. रेझिस्टर काढला, सॅम्पल लावलं. उड्या. दुसरं सॅम्पल. उड्या. तिसरं. उड्या, पण वेगळ्या तालात.

म्हणजे मी दीड वर्ष ट्यूबलाइटशी, मोबाइलशी, बिचाऱ्या मॅडमच्या पंपाशी भांडत होते आणि नॉइज सॅम्पलच्या आतूनच येत होता. पुलाचं टोक जिथे अगदी बारीक असतं, मोजक्याच अणूंचं, तिथे एखादा अणू थोडा इकडे सरकला की करंट वाढतो, मागे गेला की कमी होतो. जाड तारेत एवढ्याने काहीच बिघडत नाही. इथे सगळा रस्ताच तेवढा.

दोन वाजता मी घरी आले. आमच्या गल्लीत बायकांनी मला धरून हिरवं केलं. दारात आईने विचारलं, "गेला का गं तुझा नॉइज?"

"नाही. तो आपल्याच घरचा निघाला."

आईला काही कळलं नाही. बाबांना कळलं. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "मग अर्थिंग ठीक होतं ना?"

"अर्थिंग एकदम ठीक होतं, बाबा. त्याच्यामुळेच तर कळलं."

आता खरी अडचण सरांची होती, आणि तिच्यात माझाही हात होता. पहिल्या वर्षी एका परिषदेसाठी आम्ही पोस्टर केलं होतं. तेव्हाही आलेखात उड्या होत्या. सर म्हणाले, "थोडं स्मूद कर, लोकांना मुख्य गोष्ट दिसली पाहिजे." मी आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी काढत गेले, इतकी की उड्या विरघळून एक सुरेख वळण उरलं. पोस्टरची तारीफ झाली. त्याच सुरेख वळणावर आम्ही संगणकात अख्ख्या गुंत्याचं गणित मांडलं. कागदावर आमचा गुंता झटक्यांच्या नक्षीतून दाखवलेली उभी रेघ आणि आडवी रेघ अचूक ओळखायला शिकला. खरं सॅम्पल मात्र शिकेना. आज ओळखायचं, उद्या गोंधळायचं. त्याचं खापर आम्ही नॉइजवर फोडत होतो, आणि नॉइजचं खापर माझ्यावर.

मी दोन आलेख शेजारी शेजारी छापून सरांच्या खोलीत गेले. रेझिस्टरचा आणि सॅम्पलचा.

"कनेक्शन लूज असेल," ते म्हणाले.

"तेच कनेक्शन आहे, सर."

"प्रोब बदलून पाहिलं?"

"तीन वेगवेगळे लावून पाहिले."

त्यांनी दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. मग त्यांनीच विचारलं, "तो फिर पोस्टर?"

"पोस्टरमध्ये मी हे घासून काढलं होतं."

"मी सांगितलं म्हणून. असंच म्हणायचंय ना तुला?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण मी इतकी वैतागलेली होते की तोंडातून "हो" निघालं. मग म्हटलं, "पण केलं मीच."

"जाओ," सर म्हणाले. "अभी जाओ."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात दिसले तर मोबाइल काढायचे. मला झोप लागेना. माझ्यानंतर रुजू झालेल्यांचे प्रबंध बांधून होत होते. आई म्हणाली, माफी माग. कशाची मागू? रेझिस्टर लावल्याची? मी रोज जाऊन नवी सॅम्पल बनवत राहिले, कारण घरी बसून तरी काय केलं असतं.

पंधरा-सोळा दिवसांनी एका दुपारी दार उघडलं आणि सर आत आले. फोन त्यांनी न सांगताच बाहेर ठेवला होता. "रेझिस्टर कुठाय?" एवढंच बोलले. मी उठले तर म्हणाले, "बस. मी लावतो." त्यांनी स्वतः बाह्या वर करून वायरी जोडल्या. हात सवयीचे नव्हते. एक वायर दोनदा सुटली. त्यांनी सपाट रेघ पाहिली. सॅम्पल लावून उड्या पाहिल्या. पुन्हा रेझिस्टर. पुन्हा सॅम्पल. पाच वाजेपर्यंत आमचं हेच चाललं.

शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. काढता येत नाही ना? मग याच्यासकट शिकव त्याला."

आणि मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. सगळं. जुन्या मोजण्यांतलं फार थोडं वापरता आलं, आणि याचा विचार करून मला आजही चिडचिड होते. पण या वेळी मी उड्या मोजत होते, पुसत नव्हते. पूल बारीक ठेवून शिकवलं तर नॉइज इतका की गुंता शिकलेलं टिकवूच शकत नव्हता. आडवी रेघ दाखवून चहाला जाऊन यावं तर विसरलेला. पूल जाड होईपर्यंत झटके दिले तर आलेखाची रेघ सपाट व्हायची, सरांना हवी होती तशी, पण मग गुंता हट्टी व्हायचा. आडवी शिकला की उभी शिकेचना, कितीही दाखवा. या दोन्हींच्या मधे एक अरुंद जागा होती. तिथे आलेखाची रेघ थोडी थरथरायची, आणि तिथेच तो चुकीच्या उत्तरावर अडकून न बसता, पुढच्या एक-दोन झटक्यांत बरोबर उत्तराकडे सरकायचा. नेहमी नाही. कधी कधी बरोबर उत्तर सोडून चुकीकडेही जायचा. नॉइज चांगला असतो असं सुभाषित मला कोणी ऐकवलं तर मी आजही भांडेन. तो किती आहे आणि कुठे आहे, यावर ठरतं, आणि ते ठरवायला मला आणखी चौदा महिने लागले.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. वयस्कर, मृदू आवाजाचे. मागच्या रांगेत बाबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षकांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, "मूळ योजनेप्रमाणे हा नॉइज दूर करून काम करायचं होतं. तुम्ही तो दूर का केला नाही?"

मी तयारी केलेलं उत्तर विसरले. "सर," मी म्हटलं, "माझ्याइतके प्रयत्न कोणी केले असतील असं मला वाटत नाही." मागून कोणीतरी हसलं. मग मी रंगपंचमीच्या सकाळचा आलेख दाखवला आणि सगळं सांगितलं. परीक्षक मान हलवत होते. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. "पण तुमच्या सुरुवातीच्या पोस्टरचा सारांश मी वाचलाय. त्यात वळण अगदी गुळगुळीत आहे. तेव्हा हे दिसलं नव्हतं?"

मी तोंड उघडलं. पण मी बोलण्याआधीच कडेच्या खुर्चीवरून सर उठले.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "हिने दाखवलं होतं. मी स्मूद करायला सांगितलं. ती चूक माझी आहे, तिच्या नावावर धरू नका."

सर हिंदीत गेले नव्हते, हे मला नंतर आठवलं. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मग हे प्रबंधातही लिहा." मी म्हटलं, "चौथ्या प्रकरणात लिहिलंय, सर." त्यांनी पान उलटून पाहिलं. होतं.

बाहेर आल्यावर बाबांनी सरांना नमस्कार केला. दोघांची ती पहिलीच भेट. सर त्यांना म्हणाले, "काका, आपकी बेटी बहुत झगड़ती है."

बाबा म्हणाले, "घरी पण." आणि पेढ्यांचा डबा त्यांच्यासमोर धरला.